तीन चाकांचा दसरा

मुलुंड मार्केटमध्ये झेंडूचे ढीग दिसायला लागले की माझं डोकं फिरतं. फुलांवर राग नाही माझा. राग त्या दिवसांवर आहे. पाऊस गेलेला, थंडीचा पत्ता नाही, वरून ऊन भाजून काढतंय आणि खाली एलबीएस रोड मेट्रोसाठी खणून ठेवलेला. सकाळी पाठीला चिकटलेला ब्लाउज घरी येऊन आंघोळ केल्याशिवाय सुटत नाही. सिमेंटची धूळ नाकात, गरब्याचे लाउडस्पीकर कानात, आणि रिक्षावाला म्हणणार, "उधर नहीं जायेगा." लोक याला सणासुदीचे दिवस म्हणतात. म्हणू देत.

नेमका याच दिवसांत माझा भाऊ मला फोटो पाठवतो. नितीन माझ्यापेक्षा धाकटा, जर्मनीत असतो, आता तिथलाच झालाय. तिथे सायकलींचं मोठं प्रदर्शन भरतं आणि हा न चुकता जातो. परवा पाठवलेल्या फोटोत सायकलच्या हॅन्डलला चक्क छोटा फ्रिज लावलेला होता. खाली लिहिलेलं, "ताई, झकास ना?" मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पाणचट चहा पीत होते. उत्तर पाठवलं, "त्यात डोकं ठेव तुझं."

त्या प्रदर्शनाला मी एकदा स्वतः जाऊन आले आहे. हौस म्हणून नाही. आप्पांसाठी.

आप्पा म्हणजे आमचे वडील. आता नाहीत. आणि आधीच सांगून टाकते, ते गेले अंथरुणात, झोपेत. सायकलवरून पडून नाही. कारण ही हकिगत सांगायला लागले की लोक चेहरा पाडून विचारतात, "मग पडले का हो शेवटी?" आणि त्यांच्या त्या 'शेवटी'मध्ये अशी काही आशा असते की मला त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटते.

आप्पांना कंपवात झाला होता. डॉक्टर पार्किन्सन म्हणायचे. हात थरथरायचा त्याचं एवढं काही नाही, चहा कपापेक्षा बशीत जास्त जायचा इतकंच. खरा छळ मांडला होता पायांनी. चालता चालता पाय जमिनीला चिकटायचे. उंबऱ्यापाशी, लिफ्टच्या दारात, फरशीचा रंग बदलतो तिथे. समोर काही नाही, कोणी अडवत नाही, आणि माणूस खिळलेला. "आप्पा, उचला पाय." "उचलतंय तर!" आप्पा मालवणीवर यायचे, म्हणजे चिडले आहेत हे समजायचं. मागे लिफ्टसाठी थांबलेली मंडळी मोबाइलमध्ये बघितल्यासारखं करायची. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी ठक्करभाई तर फार गोड आवाजात सांगायचे, "बेन, अंकलला घरातच वॉक कराव ना." माणूस मनाने वाईट नाही. पण डोक्यात जातो.

आणि मग ती संध्याकाळ. ऑफिसमधून आले तर घराला कुलूप नाही आणि आत आप्पा नाहीत. धावत खाली आले, बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत गेले, आणि समोरून आप्पा सायकलवरून येत होते. त्यांची जुनी, उंच, काळी, डबल दांड्याची सायकल. आम्ही नाहूरला राहायचो तेव्हा हिच्यावरूनच ते भांडुपच्या कारखान्यात कामाला जायचे, पाऊस असो नाहीतर ऊन. पाठ ताठ. सदऱ्यात वारा भरलेला. हॅन्डलवरचा हात अजिबात हलत नव्हता, आणि दहा पावलांत तीनदा खिळणारे ते पाय पॅडलवर असे फिरत होते की त्यांना कधी काही झालंच नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी आमचा वॉचमन हात पसरून उभा होता. आप्पांना चढायला आणि उतरायला कोणीतरी धरावं लागायचं, मधलं सगळं त्यांचं ते करायचे.

"दीदी, बाबूजी बोले पकड़ो, तो मैंने पकड़ा," तो म्हणाला. मी त्याला असं झापलं की बिचारा दोन दिवस माझ्याकडे वर मान करून बघत नव्हता.

डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. काहींचं असं होतं म्हणाले, चालता येत नाही पण सायकल येते. मग चष्मा काढून म्हणाले, "पण पडले आणि खुबा मोडला तर पुन्हा उठणार नाहीत. सायकल बंद." संपलं. सायकल जिन्याखाली साखळीने बांधली, किल्ली माझ्या पर्समध्ये. त्या दिवसापासून आप्पा बोलेनासे झाले. रुसवा नव्हता तो. रुसलेला माणूस निदान आपल्याकडे बघून तोंड फिरवतो. हे गॅलरीत बसायचे आणि समोर नवीन टॉवरचं बांधकाम चाललेलं, त्याची क्रेन बघत राहायचे. जेवायला वाढलं की जेवायचे. विचारलं तर "हं". मी ते बघत होते आणि आतून जळत होते, कारण माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या निवडण्यासारख्या, एक मोडका खुबा आणि एक मुका बाप.

"ताई, तू ये इकडे," नितीन फोनवर म्हणाला. "इथे म्हातारे लोक मस्त सायकली चालवतात. प्रदर्शनात आप्पांसाठी काहीतरी मिळेलच यार. जगभरातून लोक येतात." गणपती उठले, मावशीला आप्पांपाशी ठेवलं, आणि मी पहिल्यांदा देशाबाहेर गेले.

काय सांगू तुम्हाला. मैदानाएवढे हॉल, एकाला लागून एक. आत थंडगार, फरशी अशी की तोंड बघून घ्यावं. रबराचा आणि कॉफीचा वास. आणि जिकडे बघावं तिकडे सायकलीच्या नावाखाली चाललेला आचरटपणा. एक गळपट्टा बघितला, पडताना तो फुगतो आणि त्याचं हेल्मेट होतं. एक कुलूप बघितलं, चोराने कापलं की त्यातून इतका घाण वास सुटतो म्हणे की चोर ओकायला लागतो. नितीन भारावून मला समजावून सांगत होता. मी म्हटलं, "अरे, मुलुंडच्या डम्पिंग ग्राउंडच्या वासात मोठे झालो आपण. आपल्याकडचा चोर काय ओकणार?" पुढे एका बाईने पाठीमागचं दाखवणारा चष्मा माझ्या नाकावर चढवला. मला पुढचं दिसेना आणि मागचंही. कुत्र्यासाठी मागे जोडायची गाडी होती, तिला गादी, पडदे आणि वर उघडणारी काच. कार्डबोर्डची सायकल होती. पॅडल मारता मारता कॉफी दळणारी सायकल होती. एकावर तर माणूस जागच्या जागी पॅडल मारत समोरच्या टेबलावर ऑफिसचं काम करत होता, आणि भोवती गर्दी जमून टाळ्या वाजत होत्या. एवढं करून तो कुठे पोहोचत होता? कुठेही नाही. ऑफिसात मी तेच करते, माझ्यासाठी कोणी टाळी वाजवलेली नाही.

एका स्टॉलवर बोलणारी घंटी होती. बटण दाबलं की मधाळ आवाजात बाई म्हणते, कृपया जरा बाजूला व्हाल का. मला इतकं हसू आलं की नितीनने दंड धरला.

"ताई, हळू ना. लोक बघतायत."

"बघू देत. यांना म्हणावं ही घंटी घेऊन मुलुंडच्या पाच रस्ता चौकात या एकदा संध्याकाळी."

प्रत्येक स्टॉलवर मी एकच प्रश्न विचारत होते, माझ्या ऑफिसच्या इंग्रजीत. यावर म्हाताऱ्या माणसाने चढायचं कसं? आणि उतरायचं कसं? ती गोरीगोमटी, दाढी कोरलेली पोरं गोड हसायची. म्हणायची, असा पाय टाकायचा ना. आणि पाय टाकून दाखवायची. टाकाल रे बाबांनो, तुमचे पाय तुमचं ऐकतायत. सगळ्या जगाची अक्कल त्या छपराखाली गोळा झाली होती आणि त्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की एखादा माणूस पॅडल मारू शकेल, पण पाय उचलू शकणार नाही. मला रडू फुटेल असं वाटलं. रडण्यापेक्षा चिडणं मला सोपं जातं, म्हणून मी चिडले.

शेवटच्या हॉलमध्ये ती दिसली. तीन चाकी, बुटकी, खुर्चीसारखी सीट. नुसतं बसायचं, पाय वर टाकायची भानगड नाही, तोल जायचा प्रश्न नाही. शिवाय पुढे एक काळा गोल काचेचा डोळा. समोर काही आलं की तो डोळा बघतो आणि गाडी आपोआप थांबते. स्टॉलवाल्यांनी पुठ्ठ्याचा माणूस उभा करून दाखवलं. गाडी आली आणि त्याच्या पुढ्यात अलगद थांबली. नितीनचे डोळे भरून आले. खरं सांगते, माझेही आले. त्या क्षणापुरता माझा कोणावरही राग नव्हता.

दसऱ्याच्या आधी नितीन स्वतः ती घेऊन आला, सुटी करून, मोठमोठ्या खोक्यांत. पार्किंगमध्ये बसून त्याने जोडली. घामाने निथळत होता, जर्मनीत राहून उकाड्याची सवय गेलेली. आप्पांना खाली आणलं. त्यांनी ती एकदा पुढून, एकदा मागून बघितली.

"कोणाची?"

"तुमची, आप्पा!" नितीन म्हणाला. "पडायची भीतीच नाही."

"हं," आप्पा म्हणाले.

आता कोणीही शहाण्या माणसाने ती त्याच दिवशी चालवून बघितली असती. आम्ही नाही. नवीन वाहन पूजेआधी चालवायचं नाही ही आमच्या घरातली पद्धत. आप्पांच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची आणि घरी आले की ते त्यांच्या सायकलची करायचे. रॉकेलने चेन पुसायची, रिंगा चमकवायच्या, हार घालायचा, दसऱ्याला पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि घरातल्या मोठ्या माणसाने पहिली फेरी मारायची. आई असताना ती सायकलला औक्षण करायची आणि आम्ही हसायचो. तेव्हा जर्मनीहून आलेली ती वस्तू आम्ही चादर टाकून झाकून ठेवली, आणि जिन्याखालची काळी सायकल मी साखळी सोडवून बाहेर काढली, फक्त पूजेपुरती.

दसऱ्याला सकाळी सगळी बिल्डिंग पार्किंगमध्ये. आपापल्या गाड्या धुऊन, हार घालून उभ्या. झेंडूचा उग्र वास, उदबत्ती, ओल्या फरशीवर चुरगळलेल्या पाकळ्या. मी रेशमी साडी नेसले होते आणि त्या उकाड्यात शिजत होते. आप्पांना इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी. मी दोन्ही सायकलींना हळदकुंकू लावलं, हार घातले, ओवाळलं, नारळ वाढवला. आप्पांना तीन चाकीवर बसवलं. नितीनने मोबाइल धरला शूटिंगला. "मारा आप्पा!"

आप्पांनी पॅडल मारलं. गाडी जागची हलली नाही.

पुन्हा मारलं. एक बारीक पीं-पीं आवाज आला. नितीनने वाकून पुढे बघितलं आणि तो किंचाळलाच.

"ताई! तू कॅमेऱ्यावर कुंकू लावलंस?"

"मग कुठे लावू? पुढून बघितलं तर कपाळ म्हणावं अशी तेवढीच जागा होती!"

"आणि वर हार घातलास डोळ्यासमोर! त्याला वाटतंय समोर भिंत आहे!"

"मग एवढं हुशार आहे तर झेंडू आणि भिंत यातला फरक कळायला नको?"

लोक हसायला लागले. नितीनने रुमालाने पुसलं. मी कुंकू तेलात कालवलेलं होतं, ते आणखीनच पसरलं. शेवटी कोणीतरी गाडीच्या काचेचा स्प्रे दिला, डोळा स्वच्छ झाला, हार काढला. आप्पांनी पॅडल मारलं. गाडी हातभर गेली आणि थांबली. पुढे लिंबू होतं. लिंबू काढलं. मग ठक्करभाई मध्ये आले म्हणून थांबली. ठक्करभाई सरकले, तर पुढे आडवी लावलेली स्कूटर. मग मांजर. गेटपर्यंत पोहोचायला एवढा वेळ लागला की अर्धी मंडळी घरी निघून गेली, आणि गेटबाहेर तर काय, मुलुंडच होतं. रिक्षा, मेट्रोचे पत्रे, कुत्रं, पाणीपुरीची गाडी, फुटपाथवरून चालायची सोय नाही म्हणून रस्त्यातून चालणारी माणसं. तो काळा डोळा एवढं सगळं बघून घाबरला असावा. गाडी जी थांबली ती पुढे जायचं नाव घेईना. आप्पा जोर लावतायत, पीं-पीं चाललंय, मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय.

आप्पांनी पाय खाली सोडले. टोपी काढली, घाम पुसला.

"ह्येका पण माजोच आजार झालो मगे," ते म्हणाले.

कित्येक दिवसांनी पूर्ण वाक्य बोलले होते. सगळे खो-खो हसले, वॉचमनसुद्धा. नितीनही हसला आणि लगेच म्हणाला, "आप्पा, सेटिंग बदलता येतं, मी त्यांना मेल करतो." मला मात्र हसू आलं नाही. मला ती गाडी उचलून मेट्रोच्या खड्ड्यात टाकावीशी वाटत होती.

"माजी काड," आप्पा म्हणाले. माझी काढ.

"नाही."

"काड म्हणतंय ना."

"आप्पा, डॉक्टरांनी काय सांगितलंय? पडाल."

"पडू दे की. पडल्याशिवाय कोणाक सायकल इली?"

आणि माझं जे काही आत इतकी वर्षं दबलं होतं ते सगळं गेटमध्ये, रेशमी साडीत, रिक्षाच्या हॉर्नमध्ये बाहेर आलं. मला सायकल येत नाही. आजही येत नाही. नितीनला आप्पांनी याच काळ्या सायकलवर शिकवली, नाहूरच्या मैदानात, संध्याकाळच्या संध्याकाळ त्याच्यामागे धावत. मी मैदानाच्या कडेला त्याच्या चपला धरून उभी राहायचे. मला शिकवा म्हटलं की म्हणायचे, पडशील. मुलीच्या जातीला गुडघे फुटलेले बरे दिसत नाहीत. प्रत्येक वेळी हेच. पडशील.

"मग मला का नाही पडू दिलंत?" मी ओरडलेच. "नितीन दहा वेळा पडला. त्याच्या गुडघ्यांना हळद मीच लावायचे. मी पडले असते तर काय झालं असतं? बोला ना!"

नितीनने मोबाइल खाली घेतला. ठक्करभाई हळूच आत गेले. आप्पा माझ्याकडे बघत होते, आणि त्या आजाराने त्यांचा चेहरा असा दगडी झालेला की त्यावर काहीच वाचता यायचं नाही. मला वाटलं, पुन्हा मुके झाले.

"भियालेलंय गो," ते म्हणाले. "तुका काय झाला असता तर."

"मग आता मी घाबरतेय, तर?"

"मी केलंय तसा तू करू नको."

मी तिथेच उभी राहिले. मी माझ्या बापाला साखळी लावली होती ती काळजीने. त्यांनी मला लावली होती तीही काळजीनेच असणार. त्याने माझा राग कमी झाला असं नाही. अजूनही नाही झालेला. पण त्या रागाने मी काय करत होते ते मला दिसलं, आणि दिसल्यावर ते करत राहणं शक्य नव्हतं.

काळी सायकल आम्ही बिल्डिंगच्या पायरीला टेकवून उभी केली. आप्पा पायरीवर चढले. नितीनने हॅन्डल धरलं, मी आप्पांचा पाय दोन्ही हातांनी उचलून दांड्यावरून पलीकडे नेला. पाय लाकडासारखा जड होता आणि थरथरत होता. मनात मी आठवतील तेवढ्या देवांना शिव्या घालत होते. "सोडा," आप्पा म्हणाले. आम्ही ढकललं आणि सोडलं.

सायकल एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे, आणि मग सरळ झाली. हात थरथरायचा थांबला. रिक्षाच्या बाजूने, पाणीपुरीच्या गाडीला वळसा घालून, कुत्र्याला "हाड" करून आप्पा निघाले. मी साडी गुडघ्यापर्यंत खोचून मागून धावत होते आणि वाटेतल्या प्रत्येकावर ओरडत होते, "बाजू! बाजू व्हा! दिसत नाही का?" वळणावर ते दिसेनासे झाले. मला धाप लागली, एका पत्र्याला टेकून उभी राहिले. पत्रा तापलेला, हात भाजला. रस्त्यावर नुसता हॉर्नचा गोंगाट, आणि त्यात एकदाही कोणी पडल्याचा आवाज येऊ नये म्हणून मी कान देऊन ऐकत होते.

मागच्या गल्लीतून ते परत आले. चेहरा तसाच दगडी, पण आवाज असा की कारखान्याच्या भोंग्याने लाजावं.

"धर गो!"

धरलं. एका हाताने हॅन्डल, दुसऱ्याने कंबर. ते माझ्यावर कलंडले, मी पत्र्यावर. साडीला ग्रीस लागलं, माझी कोपरं खरचटली, पण दोघंही उभे होतो. त्यांच्या छातीची धडधड माझ्या खांद्याला लागत होती. नितीन पळत येत होता, आणि मी त्याला हातानेच खूण केली, तिथेच थांब.

"उद्या किती वाजता?" आप्पांनी विचारलं.

जन्मभर त्यांनी मला वेळ सांगितली होती. विचारली पहिल्यांदाच.

"ऑफिसला जायच्या आधी," मी म्हणाले. "आणि उशीर केलात तर मी थांबणार नाही, आधीच सांगते."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता उठले तर ते दारातल्या स्टुलावर बूट घालून बसलेले होते, नाड्या सुट्या. किती वेळ बसले होते देव जाणे. मी खाली बसले, नाड्या चांगल्या करकचून बांधल्या, आणि म्हटलं, "चला."